पीनट बटर बार कधी तेलकट, कधी नुसता भुगा: ओव्हनच्या आधी बरणी बघा

तक्रार साधारण अशी असते. रेसिपी तीच, ओव्हन तोच, करणारे हातही तेच. एका खेपेला बार चवीला मस्त होतात, पण खालच्या कागदावर तेलाचे डाग आणि खाणाऱ्याची बोटं तुकतुकीत. पुढच्या खेपेला सुरी लावावी तर चौकोन पडायच्या ऐवजी रवाळ भुगा. मग तापमान दहा अंश वर, दहा अंश खाली, मैद्याचा ब्रँड बदल, अंडं वाढव, असे प्रयोग सुरू होतात. त्यातला एखादा लागू पडल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच.

एकच रेसिपी दोन विरुद्ध तऱ्हेने बिघडत असेल तर दोष बहुधा ओव्हनचा नसतो. जी वस्तू प्रत्येक वेळी वेगळी असते तिचा असतो. इथे ती वस्तू म्हणजे पीनट बटर.

बरणीत काय होतं

आपण ज्या रेसिपी वापरतो त्या बहुतेक अमेरिकन. तिथे ‘पीनट बटर’ म्हटलं की जी नेहमीची बरणी डोळ्यासमोर येते, तिच्यात नियमानुसार किमान ९० टक्के शेंगदाणे असतात आणि उरलेल्या भागात साखर, मीठ आणि थोडं हायड्रोजनेटेड तेल. हे शेवटचं फार कामाचं. ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहतं आणि दाण्याच्या सुट्या तेलाला जागच्या जागी धरून ठेवतं. १९२०च्या दशकात ही युक्ती निघाली आणि तेव्हापासून तिथली बरणी पहिल्या चमच्यापासून शेवटच्या चमच्यापर्यंत सारखीच लागते. रेसिपी लिहिणाऱ्याने तेच गृहीत धरलेलं असतं.

आपल्याकडे मात्र घरोघरी आता ‘नॅचरल’, ‘अनस्वीटन्ड’, जिमवाल्यांची मोठी बरणी. आत फक्त दाणे. खायला ती चांगलीच, त्याबद्दल वाद नाही. पण शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेल असतो, आणि ते धरून ठेवणारं कुणी नसलं की ते वर येतं. नवी बरणी उघडून वरवर ढवळून एक वाटी काढली तर त्या वाटीत हिशेबापेक्षा जास्त तेल. बरणी तळाला लागली की उरतो तो कोरडा, चिकट, चमचा वाकवणारा लगदा, त्यात तेल हिशेबापेक्षा कमी. पहिल्या वाटीचे बार तेलकट होतात, शेवटच्या वाटीचे भुगा होतात. रेसिपीचा यात काही संबंध नाही.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. नवी बरणी आणली की अख्खी बरणी मिक्सरच्या भांड्यात रिकामी करा, अर्धा मिनिट फिरवा आणि परत भरा. सुरीने किंवा चमच्याच्या दांड्याने ढवळून तळ नीट निघत नाही, कोपऱ्यात गोळे राहतातच. एकजीव केलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर तेल पुन्हा वर यायला पुष्कळ वेळ लागतो. बेकिंगला घ्यायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा, कारण गार पीनट बटर साखरेत मिसळत नाही, त्याच्या गुठळ्या होतात. आणि मग कसोटी अशी: चमचा भरून तिरका केला की ते सावकाश, न तुटता ओघळलं पाहिजे. धो धो पडलं तर तेल जास्त आहे. पडलंच नाही तर एक-दोन चमचे शेंगदाणा तेल घालून पुन्हा फिरवा.

घरी केलेलं असेल तर

घरच्या पीनट बटरचे बार फसले असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारते, मिक्सर कुठे थांबवला?

दाणे फिरवायला घेतले की आधी भरड होते, मग कूट. आणखी फिरवलं की कूट ओलसर होऊन भांड्याच्या कडांना चिकटतं आणि पातं नुसतंच मोकळं फिरायला लागतं. कडा खरवडून परत फिरवलं की त्याचा एक जड गोळा होतो, तो भांड्यात गरागरा फिरतो, मिक्सरचा आवाज बदलतो. इथे बहुतेक जण थांबतात, किंवा घाबरून पाणी घालतात. पाणी कधीही घालू नये. त्याने गोळा आणखी आवळतो आणि बरणी टिकत नाही ते वेगळंच. थोडी विश्रांती देऊन, खरवडून, अजून दोन-तीनदा फिरवलं की तो गोळा अचानक सैल पडतो, चमकायला लागतो आणि पात्याभोवती खळगा धरून वाहतो. ते पीनट बटर. त्याच्या आधीचं सगळं म्हणजे वेगवेगळ्या टप्प्यातलं कूटच. कुटात तेल दाण्याच्या कणांच्या आत अडकलेलं असतं, बाहेर मोकळं आलेलं नसतं. म्हणून वजन बरोबर घेऊनसुद्धा मिश्रण कोरडं पडतं. ‘पीनट बटर नव्हतं म्हणून दाण्याचं कूट घातलं’ या बारांचं तेच होतं.

मध्येच मिक्सर बंद पडला तर तो बिघडला असं समजू नका. बहुतेक मिक्सरना खाली ओव्हरलोडचं बटण असतं, मोटार निवू द्यायची आणि ते दाबायचं. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये आणि अगदी मूठभरही घेऊ नये, कारण मग दाणे पात्यापर्यंत येतच नाहीत.

दाणे मंद आचेवर, साल चुरगळून सुटेल इतपत भाजा आणि पाखडून घ्या. साल राहिलं तर बारला किंचित तुरट चव येते. चटणीला भाजतो तितके खमंग मात्र नकोत. ते पुन्हा ओव्हनमध्ये जायचे आहेत, आणि दोनदा भाजलेला दाणा कडू लागतो. कोमट असतानाच फिरवले तर लवकर सुटतात. पण वाटून झालेलं पीनट बटर गरम असतं, ते तसंच बटरमध्ये ओतलं की बटर वितळून तेल वेगळं होतं. पूर्ण गार होऊ द्या. आणि दाणे घेताना एक तोंडात टाकून बघा. पावसाळ्यात ठेवणीतले दाणे खवट होतात आणि खवटपणा व्हॅनिला घालून झाकता येत नाही. बुरशी दिसलेले दाणे तर निवडत बसू नका, सगळे टाकून द्या.

भुगा होतो तेव्हा पाणी कमी पडलेलं असतं

बरणी ठीक करूनही भुगा होत असेल तर बाकी कशाहीपेक्षा आधी हे बघा की मिश्रणात पाणी कुठून येतंय.

मैद्याला धरून ठेवणारी गोष्ट पाण्याशिवाय तयार होत नाही. ग्लूटेनला पाणी लागतं, स्टार्च फुगायलाही पाणी लागतं. नुसत्या स्निग्धात मैदा मळून भाजला की काय होतं ते नानखटाई खाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. नानखटाईत ते हवंच असतं, बारमध्ये नको असतं. आता पीनट बटरमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. मूळ रेसिपीत पाणी येतं ते अंड्यातून, बटरमधून आणि ओलसर ब्राउन शुगरमधून. आपल्या स्वयंपाकघरात या तिन्ही जागी बदल होतो आणि प्रत्येक बदलात थोडं थोडं पाणी गळतं.

अंड्याचं बघा. एका मध्यम अंड्यात साधारण ५० ग्रॅम ऐवज आणि त्यातला तीन चतुर्थांश पाणी. अंडं नको म्हणून ते नुसतंच वगळलं तर भुगा ठरलेला. एका अंड्याच्या जागी ६० ग्रॅम ताजं, घट्ट दही घ्या, किंवा एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून तिचा चिकट गोळा घ्या. जवसाने बार जास्त चांगले धरतात, हे माझं मत. दह्याचे किंचित केकसारखे होतात.

बटरचं बघा. पिवळ्या टेबल बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्ध आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्याच्या जागी तेवढंच तूप घातलं की स्निग्ध वाढलं आणि पाणी शून्यावर आलं. तूपच वापरायचं असेल तर १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम तूप आणि वर सव्वा मोठा चमचा दूध. घरच्या लोण्याचा भरवसा नाही, त्यात ताक किती राहिलंय यावर सगळं.

आणि ब्राउन शुगर. मूळ रेसिपीतली ब्राउन शुगर म्हणजे मळीसकटची, मुठीत दाबली तर मुठीचा आकार धरणारी ओलसर साखर. आपल्याकडे त्या नावाने पुष्कळदा जाड, कोरड्या, खडखडीत दाण्यांची तपकिरी साखर मिळते. तिचे दाणे विरघळत नाहीत, दाताखाली येतात, आणि ओलावाही देत नाहीत. यावर आपल्याकडचा इलाज मूळ वस्तूपेक्षा मला तरी आवडतो: १०० ग्रॅम पिठीसाखरेला एक मोठा चमचा काकवी. कोल्हापूरकडून कुणी येणार असेल तर गुऱ्हाळावरची काकवी मागवून ठेवा. काकवी नसेल तर चाळलेली गुळाची पावडर चालते, गूळ ओलावा धरून ठेवतो त्यामुळे बार दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दोन पथ्यं मात्र पाळा. गुळाचा पाक करू नका, आणि चिक्कीचा गूळ तर अजिबात नको. तो गूळ कडक धरण्यासाठीच असतो.

मैद्याऐवजी कणीक घेतली तर ती जास्त पाणी पिते, तेव्हा दोन मोठे चमचे दूध जास्त घाला. ओट्सवाल्या रेसिपीत इन्स्टंट ओट्स घेतले तरी तसंच.

आता मापाचं. अमेरिकन कप २४० मिलिलिटरचा, आणि मैदा हलक्या हाताने भरला तर त्यात १२०–१२५ ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून, ठोकून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. एवढा जास्तीचा मैदा भुगा करायला पुरे. डिजिटल वजनकाटा घ्या, वाटीने माप भाजीला ठीक आहे.

तेल सुटतं तेव्हा

तेलकटपणाची दोन कारणं नेहमी सापडतात. एक म्हणजे उन्हाळा. ‘रूम टेंपरेचरचं बटर’ असं रेसिपीत लिहिलेलं असतं ते जिथे खोलीचं तापमान १८–२० अंश असतं तिथे. नागपुरात मे महिन्यात त्याच सूचनेने बटरचं तेल होतं. साखर घालून फेटताना त्यात हवा धरतच नाही आणि भाजताना ते मिश्रणातून निथळून बाहेर येतं. उन्हाळ्यात बटर फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांत वापरा, बोट दाबलं तर खड्डा पडावा पण बोट घसरू नये.

दुसरं, मिसळण्याचा क्रम. पीनट बटरमध्ये गार दही किंवा थोडंसं दूध थेट घातलं तर ते पातळ होण्याऐवजी एकदम आवळतं, फाटल्यासारखं दिसतं आणि कडेने तेल सोडतं. घाबरून लोक मैदा वाढवतात आणि प्रकरण आणखी बिघडवतात. असं झालंच तर उलट करा, कोमट दूध एकेक चमचा घालत फेटत राहा, दोन-तीन चमच्यांनी ते परत जुळून येतं. मुळात क्रमच बदलावा: आधी बटर आणि साखर, त्यात खोलीच्या तापमानाचं अंडं किंवा दही पूर्ण जिरेपर्यंत, मग पीनट बटर, आणि मैदा सगळ्यात शेवटी. मैदा दिसेनासा झाला की थांबा.

माझं २० सेंटिमीटर चौकोनी टिनचं प्रमाण देते, पडताळून बघायला उपयोगी पडेल: बटर १०० ग्रॅम, एकजीव केलेलं पीनट बटर १३० ग्रॅम, साखर आणि काकवी मिळून १६० ग्रॅम, एक अंडं, दूध दोन मोठे चमचे, मैदा १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला. टेबल बटर खारं असतं म्हणून वेगळं मीठ नाही. अंड्याऐवजी दही घेतलं तर बेकिंग पावडर पाऊण चमचा. तुमच्या रेसिपीत स्निग्ध याहून फारच जास्त असेल तर तेल सुटण्याचं कारण तिथेच सापडलं.

कडा कडक, मध्ये कच्चं

हे भांड्याचं गणित. अमेरिकन रेसिपीतला ९ बाय १३ इंचांचा टिन आपल्या छोट्या ओटीजीत जातच नाही. मग तेच मिश्रण ८ इंची चौकोनात ओततात. पहिल्याचं क्षेत्रफळ ११७ चौरस इंच, दुसऱ्याचं ६४. थर जवळजवळ दुप्पट जाड होतो. कडा करपेपर्यंत मध्य शिजत नाही, आणि मग ओव्हनला बोल. रेसिपी निम्मी करा, प्रश्न संपला. ८ इंची गोल टिन असेल तर तो चौकोनापेक्षा बराच लहान, ५० चौरस इंच, तेव्हा थोडं मिश्रण बाजूला काढून वाटीत भाजा. मुलं वाटच बघत असतात.

छोट्या ओटीजीत रॉड टिनच्या फार जवळ असतो, त्यामुळे रेसिपीत १८० अंश असेल तर मी १६५–१७० ठेवते, मधल्या कप्प्यात. खालची बाजू तरीही काळपट होत असेल तर टिनखाली एक रिकामा ट्रे सरकवा. ओव्हनची डायल खरं बोलतेय का हे बघायला आत ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो एकदा घ्यावा. कढईत मीठ घालून भाजणाऱ्यांना वरून उष्णता मिळत नाही, त्यांनी थर दीड सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नये आणि वरचा फिका रंग बघून भाजत राहू नये.

भाजणं कधी थांबवायचं यावर पुष्कळ बार मरतात. केकसारखी काडी कोरडी निघायची वाट बघितली तर बार कोरडेच होणार. २२ मिनिटांनी बघायला लागा. कडा टिनपासून किंचित सुटल्या, वरची चमक गेली, मध्य हलवल्यावर डुचमळत नाही पण बोटाला मऊ लागतो, काडीला ओलसर कण चिकटतात पण कच्चं पीठ नाही, की बाहेर काढा. टिनच्या उष्णतेवर ते आणखी शिजतात.

बटर पेपर म्हणून जो पातळ, मेणचट कागद काही दुकानांत मिळतो तो ओव्हनसाठी नसतो, तो बारला चिकटून बसतो. बेकिंगचा पार्चमेंटच मागा आणि दोन बाजूंनी बाहेर लोंबता ठेवा, म्हणजे उचलता येतं.

कापणं आणि वरचं चॉकलेट

गरम बार कापले की भुगा होणारच. तो रेसिपीचा दोष नव्हे, उतावळेपणाचा. टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, किमान दोन तास, उन्हाळ्यात शेवटचा अर्धा तास फ्रिजमध्ये. मग कागदासकट उचलून लांब सुरीने, करवतीसारखं न ओढता, सरळ खाली दाबून कापा.

चॉकलेटचा थर कापताना तडकून सुटा होत असेल तर १०० ग्रॅम चॉकलेट वितळवताना त्यात एक मोठा चमचा पीनट बटर घाला. थर मऊ पडतो आणि सुरी आरपार जाते. कंपाउंड चॉकलेटला याची जास्त गरज, ते गार झाल्यावर फार कडक होतं. बार किंचित कोमट असताना ओता, नाहीतर थर साबणाच्या वडीसारखा निसटतो. सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसा, पाण्याचा थेंब चॉकलेटवर पडू देऊ नका. मुंबईच्या दमट हवेत फ्रिजमधला डबा काढल्या काढल्या उघडला की चॉकलेटवर घाम येतो. डबा बंदच ठेवून आधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

बिघडलेल्याचं काय करायचं

भुगा झालाच असेल तर टाकू नका. त्यात कोमट दूध चमच्याने शिंपडत मुठीत दाबून बघा, वळायला लागला की लाडू वळा. वरून भाजलेले तीळ. कुणाला सांगितलं नाही तर हेच करायचं होतं असं वाटतं.

तेलकट बार पेपर नॅपकिनवर ठेवून फ्रिजमध्ये गार करा आणि गारच वाढा, निम्मी तक्रार जाते. मध्ये कच्चे राहिलेले बार कापायच्या आधी लक्षात आले तर वरून फॉइल झाकून १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं परत आत ठेवा. कापल्यावर लक्षात आलं तर कडेचे तुकडे पाहुण्यांना आणि मधले आइस्क्रीमबरोबर घरच्यांना.

डब्यात बार चार-पाच दिवस बाहेर टिकतात, दह्याचे असतील तर दोन दिवसांनी फ्रिजमध्ये. शाळेच्या डब्यात द्यायच्या आधी, विशेषतः परदेशात राहणाऱ्यांनी, शाळेत शेंगदाण्याला बंदी आहे का ते विचारून घ्या. अ‍ॅलर्जीमुळे तिकडे बऱ्याच शाळांत असते. आणि कुणाला भेट देणार असाल तर डब्यावर ‘शेंगदाणा आहे’ अशी चिठ्ठी चिकटवा, चॉकलेटच्या थराखाली तो दिसत नाही.